हिपॅटायटिस ई : पाणी, डुक्कर आणि माणूस

१९५५ च्या पावसाळ्यानंतर दिल्लीजवळ यमुनेने आपले पात्र बदलले. नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे शहरासाठी पाणी उचलले जाई त्या जागेपर्यंत मागे फिरले. धोका ओळखून क्लोरिनची मात्रा वाढवण्यात आली. विषमज्वराची साथ आली नाही. परंतु डिसेंबर व जानेवारीत दिल्लीत कावीळ पसरली. सुमारे २९,३०० लोकांना स्पष्ट कावीळ झाल्याचा अंदाज त्यानंतर प्रसिद्ध झाला. जिवाणूंना आवर घालणाऱ्या क्लोरिनला त्या पाण्यातील विषाणू मात्र दाद देत नव्हता.

ही ‘हिपॅटायटिस ए’ची साथ असावी, असे पुढे बराच काळ मानले गेले. १९७८ च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यात अशीच साथ उसळली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगाव जाऊन रुग्णांच्या नोंदी केल्या. त्यांच्या अंदाजानुसार सुमारे ५२,००० जणांना कावीळ झाली व सुमारे १,७०० जण दगावले. मृतांमध्ये गरोदर स्त्रियांचे, विशेषतः शेवटच्या तिमाहीतील स्त्रियांचे, प्रमाण विलक्षण होते. खोऱ्यातील प्रौढांना ‘ए’ विषाणूची लागण लहानपणीच होऊन गेलेली असल्याने हा आजार वेगळाच असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९८० मध्ये दिल्लीच्या साथीतील जपून ठेवलेले रक्तनमुने पुन्हा तपासण्यात आले. ती साथही ‘ए’ची नव्हती.

विषाणू प्रत्यक्ष दिसला तो १९८३ मध्ये. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी अफगाणिस्तानातील आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला. त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण सापडले. १९९१ मध्ये त्याचा जनुकसंच उलगडला गेला.

तोवर हा रोग दूषित पाण्याचा आणि गरीब देशांचा समजला जाई. १९९७ मध्ये या समजाला तडा गेला. अमेरिकेत शियांग-जिन मेंग व सहकाऱ्यांना डुकरांमध्ये असाच एक विषाणू आढळला, आणि त्याचे त्याच देशातील मानवी रुग्णांच्या विषाणूशी निकटचे साम्य होते. २००३ मध्ये जपानमधून थेट पुरावा आला. हरणाचे कच्चे मांस खाल्लेल्या काही जणांना आजार झाला. उरलेले मांस शीतपेटीत होते. त्यातील विषाणूचा जनुकक्रम रुग्णांच्या विषाणूशी जुळला.

मग भारतातील साथींचे मूळही डुकरांत होते काय? वस्त्यांच्या कडेला मोकाट फिरणारी डुकरे पाहता हा तर्क सहज सुचणारा होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील डॉ. विद्या अरणकल्ले व सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर अनपेक्षित होते : पश्चिम भारतातील माणसांमध्ये पहिला जनुकप्रकार होता, तर डुकरांमध्ये चौथा. एकाच परिसरात राहूनही दोघांचे विषाणू निराळे होते. प्रयोगशाळेत डुकरांना पहिल्या प्रकाराची लागण करण्याचे प्रयत्नही फसले होते.

आज चित्र असे आहे : पहिला व दुसरा प्रकार माणसापासून माणसाकडे, मुख्यतः मैलामिश्रित पाण्यातून जातो. तिसरा व चौथा प्रकार डुक्कर, रानडुक्कर, हरीण अशा प्राण्यांत नांदतो आणि कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसात येतो. अवयवरोपण झालेल्या रुग्णांत तिसऱ्या प्रकाराचा आजार दीर्घकाळ रेंगाळू शकतो. २०१८ मध्ये हाँगकाँगमध्ये यकृतरोपण झालेल्या एका रुग्णात उंदरांमधील दूरच्या नात्याचा विषाणूही आढळला. म्हणजे प्राण्यांवर लक्ष ठेवणे आणि मांस नीट शिजवणे आवश्यकच आहे.

परंतु भारतापुरता या इतिहासाचा धडा अधिक साधा आणि म्हणूनच अधिक बोचरा आहे. येथील मोठ्या साथींसाठी डुकराला जबाबदार धरता येत नाही. दिल्लीत आणि काश्मीरमध्ये विषाणूला वाट करून दिली ती माणसाच्याच मैल्याने, माणसाच्याच पिण्याच्या पाण्यातून. आणि त्या पाण्याची सर्वांत जबर किंमत मोजली ती गरोदर स्त्रियांनी.