घर कुठं घ्यायचं? बडोद्याच्या सराईपासून सोसायटीच्या गेटपर्यंत

आपली पोरं आता फ्लॅट बघत फिरायला लागलीत. बापानं गोदीत, गिरणीत, म्युनिसिपालटीत हाडं झिजवली. पोरगा बँकेत लागला, पोरगी शाळेत शिकवते. लोन मिळतं. मग प्रश्न येतो, घर घ्यायचं कुठल्या एरियात? स्टेशन किती लांब, पाणी किती तास, शाळा कशी, बाजार कुठं, हे चार प्रश्न कुणीही विचारतो. आपल्या वाट्याला पाचवा येतो. तो आपण विचारत नाही, आपल्याला विचारला जातो. पूर्ण नाव काय? मूळ गाव कुठलं? घरात मटण-मच्छी शिजते का? फोनवर रिकामा असलेला फ्लॅट आडनाव सांगितल्यावर 'कालच गेला' असा होतो.

ह्या पाचव्या प्रश्नाचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना माहीत पाहिजे. नाहीतर नकार मिळालेला माणूस ती आपलीच काहीतरी खोट समजतो आणि गप घरी येतो.

गावात प्रश्नच नव्हता. जागा आपण निवडलीच नव्हती. गावकुसाबाहेर, खालच्या अंगाला, जिथं गावाचं सांडपाणी उतरतं तिथं महारवाडा. मांगवाडा आणखी पलीकडं. कोण कुठं राहणार हे जन्माआधी ठरलेलं. म्हणून माणसं मुंबईला पळाली. शहरात जात विचारत नाहीत, भाडं विचारतात, असं त्यांना वाटलं.

शहरानं जात वेगळ्या दारानं आत घेतली. गिरणीत विणकामाचं खातं आपल्या लोकांना बंद होतं. कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावा लागे. महाराच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? आणि पगार चांगला त्याच खात्यात. आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत राहिली. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला, तेव्हा कामगार ऐक्याची भाषा करणाऱ्यांची अडचण झाली. आता हिशेब करा. कमी पगार म्हंजे कमी भाडं, कमी भाडं म्हंजे सगळ्यात वाईट खोली. धोट्यावरचा विटाळ असा चाळीच्या खोलीपर्यंत पोचला. कुणी नोटीस लावली नव्हती, तरी वस्त्या जातीजातीच्या झाल्या.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. १८९८ ला सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या तोडायच्या, रस्ते रुंद करायचे, गरिबांना चाळी बांधायच्या. तोडणं भराभर झालं, बांधणं सावकाश. १९२० ला डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, त्याच्या चाळी म्हंजे आपल्या बीडीडी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत आपल्या तीन-तीन पिढ्या निघाल्या. तिथंही कुठली इमारत बौद्धांची आणि कुठली मराठ्यांची हे पोरासोरांना तोंडपाठ होतं.

ह्याच काळात दुसरी माणसं मात्र शेजार निवडत होती. कसा, ते नीट बघा. १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी उभी राहिली. आपल्या देशातल्या पहिल्या गृहनिर्माण संस्थांत ती मोजतात. पैसे एकत्र करा, जमीन घ्या, इमारत बांधा, सभासद मात्र आपल्यापैकीच. पुढं ट्रस्टनं दादर-माटुंग्याची शेतं-खाजणं सपाट करून प्लॉट पाडले. तिथं हिंदू कॉलनी झाली, पारशी कॉलनी झाली. पांढरपेशा माणूस गिरगावच्या चाळीतून निघून दादरच्या ब्लॉकमध्ये आला. नळ घरात आला, संडास घरात आला. शेजार जुनाच राहिला.

सहकारानं घर बांधणं वाईट नाही. आपणही ते करायला पाहिजे. पण गावकूस मातीचं होतं, तेव्हा दिसायचं तरी. सोसायटीचं गावकूस पोटनियमांच्या कागदात असतं. सभासद कोण होऊ शकतो, ह्या एका कलमात गावाची सगळी रचना मावते.

आता बाबासाहेबांकडं या. सगळ्या गोष्टी असूनही घर मिळत नाही म्हंजे काय, ते त्यांनी भोगलंय.

१९१७ साली ते बडोद्याला गेले. कोलंबियाचं शिक्षण झालेलं, लंडनमध्ये शिकत असताना परत आलेले, महाराजांच्या दरबारी नोकरी. शहरभर खोली मिळेना. शेवटी पारशी सराईत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर. बाबासाहेब दोन मित्रांकडं गेले, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही टाळलं. शेवटी कामाठी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघितली. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. अस्पृश्य हा हिंदूला तर अस्पृश्य असतोच, पारशालाही असतो, हे आपल्याला तिथं कळलं असं ते सांगतात.

डिग्री होती, नोकरी होती, भाडं द्यायला पैसे होते. आज जे म्हणतात की शिका, कमवा, मग जात कोण विचारतो, त्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावं.

त्यानंतरही बरीच वर्षं ते परळच्या पोयबावाडीत, ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहिले. शाहू महाराज त्यांना भेटायला त्याच चाळीत आले होते. आणि मग दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभं राहिलं. १९३३ ला बांधून झालं. नाव मगधाच्या जुन्या राजधानीचं. बांधकाम पुस्तकांच्या हिशेबानं केलेलं, माणसं खाली, ग्रंथालय वर. पुढं तिथली पुस्तकं पन्नास हजारांवर गेली. त्यांनी आणखी एक इमारत बांधली होती, 'चार मिनार'. देणी भागवायला आणि पुस्तकांपायी ती १९४१ ला विकली. राजगृह विकलं नाही. रमाईला मात्र त्या घरात जेमतेम दोन वर्षं लाभली. २७ मे १९३५ ला ती तिथंच गेली.

बडोद्यात ते भाडेकरू होते, दादरला मालक झाले. भाडेकरूला दुपारी सांगून संध्याकाळी काढता येतं. मालकाला काढायला कायदा लागतो. दुसरं, ही जागा परळपासून लांब नव्हती. दामोदर हॉलचं ऑफिस, गिरण्या, चाळी, सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात. पोयबावाडीतला माणूस अनवाणी चालत राजगृहाच्या दारात येऊ शकत होता आणि येत होता. बाबासाहेबांनी सवर्णांच्या वस्तीत घर बांधलं ते आपल्या माणसांसाठी दार उघडं ठेवून. आपल्यातला एखादा कॉलनीत गेला की बेलखाली आडनाव लावत नाही आणि भावाला म्हणतो, येताना फोन करून ये. त्यानं हा फरक ध्यानात घ्यावा.

कुणी विचारील, मग बाबासाहेबांनीच वेगळ्या वसाहती का मागितल्या? बरोबर आहे. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांची मागणी झाली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सरकारी पडीक जमिनीवर अशा वसाहती वसवायला सेटलमेंट कमिशनची मागणी आहे. एकीकडं हिंदू कॉलनी, दुसरीकडं स्वतंत्र वसाहत. ह्यात विरोध दिसतो, पण नीट बघा. गावात आपण मूठभर, जमीन त्यांची, भाकर त्यांची, पाणी त्यांचं. तिथं शेजारी हाच मालक असतो. रागावला की दळण बंद, वाट बंद. त्यातून सुटायचं तर स्वतःची जमीन आणि स्वतःचं गाव पाहिजे. शहरात पगार एका ठिकाणी, घर दुसऱ्या ठिकाणी. शेजाऱ्याच्या हातात आपली भाकर नसते. म्हणून तिथं त्याच्या शेजारी जाऊन बसता येतं. दोन्हीकडं कसोटी एकच. ही जागा मी निवडली की मला इथं टाकलं? आणि उद्या मला इथून हाकलायची ताकद कुणाच्या हातात आहे?

आता आपली वस्ती की त्यांची सोसायटी, हा वाद. दोन्ही बाजूंनी खरं बोलू.

वस्तीनं आपल्याला चळवळ दिली. १९७२ ला पँथर निघाली ती मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांतून. एक आवाज दिला की चाळ खाली उतरायची. पण वस्ती शत्रूलाही माहीत असते. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरची सभा उधळली आणि बीडीडी चाळी पेटल्या. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून दगड आले, भागवत जाधव शहीद झाले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं गेली. असा गोळीबार हिंदू कॉलनीत होत नाही.

पण सवर्णांच्या एरियात गेलं की सुटलो, हेही खोटं. ७ जुलै २०२० ला खुद्द राजगृहाच्या आवारात घुसून कुंड्या फोडल्या, काचांवर दगड मारले. देशातल्या सात मोठ्या शहरांच्या २००१ च्या जनगणनेचे आकडे अभ्यासकांनी तपासले, तर वस्त्यांची फाळणी उत्पन्नापेक्षा जातीवर जास्त पडलेली निघाली. प्रा. सुखदेव थोरातांच्या गटानं दिल्लीच्या आसपास भाड्याची घरं मागून पाहिली. तोच पगार, तशीच नोकरी, नाव फक्त वेगळं. दलित आणि मुसलमान नावांना नकार मिळाले. बडोद्याची सराई अजून उघडी आहे.

कायदा काय म्हणतो? घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. घर तिथं शब्दानं आलेलं नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सुप्रीम कोर्टानं सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम वैध धरला. संघटना स्वातंत्र्याचा आधार घेतला. ह्या निकालाची भिंत आजही आपल्यापुढं आहे.

पण हातात काहीच नाही असं नव्हे. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा, १९७६ पासून ज्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याचं चौथं कलम वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत राहती जागा बांधायला, घ्यायला किंवा तिथं राहायला आडकाठी केली तर तो गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. बारावं कलम त्याहून कामाचं. आडकाठी झालेला माणूस अनुसूचित जातीचा असेल, तर ती अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाली असं कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं. इतकं धारदार हत्यार कपाटात गंजत पडलंय, कारण नकार तोंडी मिळतो आणि आपण तोंडीच ऐकून घेतो.

म्हणून घर घेणाऱ्यांना पाच गोष्टी.

एक, आडनाव लपवून घर घेऊ नका. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ ची आहे, ती वाचा. चोरलेल्या जातीवर मिळालेली खोली कधी जाईल सांगता येत नाही, आणि तोवर रोज घाबरत जगायचं.

दोन, बुकिंगच्या आधी सोसायटीचे पोटनियम मागा. सभासदत्वाचं कलम वाचा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारही लेखीच मागा. लेखी देत नसतील तर तारीख, वेळ, कोण काय बोललं, सोबत कोण होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहा.

तीन, जिथं शेजारी आपल्याला निवडत नाही त्या वाटा आधी बघा. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के, जमातींना ६ टक्के घरं राखीव असतात. सरकारी जमिनीवरच्या सोसायट्यांत मागासवर्गीय सभासदांसाठी २० टक्क्यांची अट आहे. ती पाळली जाते का, हे माहितीच्या अधिकारात विचारणं कार्यकर्त्यांचं काम.

चार, जमलं तर दोन-चार कुटुंबं मिळून एकाच इमारतीत घ्या. चौदा एप्रिलला खाली बाबासाहेबांचा फोटो लावायचा तर मीटिंगमध्ये हात वर करणारा दुसरा माणूस लागतो. आणि कागदावर बायकोचं नाव घाला. बेघर होण्याची पाळी आली की पहिली ती होते.

पाच, वस्तीतली खोली घाईनं फुंकू नका. वरळीच्या बीडीडीत २०२५ ला ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या द्यायला सुरुवात झाली. १६० फुटांत शंभर वर्षं काढल्यावर मिळालेलं ते घर आहे. दलाल दारात येतील, आकडे सांगतील. पाच-दहा वर्षांनी त्या टॉवरमध्ये आपली किती कुटुंबं उरली, ह्याची नोंद आपल्याच पोरांनी ठेवावी.

एक काम लगेच करू. तुमच्या भागात गेल्या वर्षभरात कुणाकुणाला घर नाकारलं, त्याच्या तारखा आणि तपशील गोळा करा. त्यांना चौथं आणि बारावं कलम वाचून दाखवा. ज्याची तयारी असेल त्याच्यासोबत पोलीस स्टेशनला जा. एकट्याला पाठवू नका.

जय भीम.