बहात्तर तासांचा रस्ता

शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराच्या महापौराने मे १९७२ मध्ये तो पार धाब्यावर बसवला.

जैमे लेर्नर मूळचा आर्किटेक्ट. भर बाजारातला एक रस्ता गाड्यांना बंद करून त्याला चालणाऱ्यांना द्यायचा होता. दुकानदार अर्थातच विरोधात. (आपल्या लक्ष्मी रोडवर काय झालं असतं, कल्पना करा!) मग पठ्ठ्याने शुक्रवारी कोर्टं बंद झाल्यावर काम काढलं. फरसबंदी, दिवे, फुलझाडं... ७२ तासांत रस्ता तयार! पुढे तेच दुकानदार म्हणे, अजून वाढवा. मोटारवाल्यांनी गाड्या घुसवायची धमकी दिली, तर याने रस्त्यावर कागद अंथरून पोरांना चित्रं काढायला बसवलं.

त्याच वर्षी बारिगुई नदीकाठी बाग झाली. तिथलं तळं पुराचं पाणी पोटात घेतं. गवत कापायला मेंढ्या!

एक मात्र खटकतं. तेव्हा तिथे लष्करी राजवट होती आणि लेर्नर नेमलेला महापौर होता, निवडून आलेला नव्हे. आमच्या गल्लीतल्या फुटपाथसाठी सह्या गोळा करत दारोदार फिरतो, तेव्हा त्या ७२ तासांचा हेवा वाटतो. आणि मग स्वतःचीच जरा भीती वाटते.