स्थळ, साक्ष आणि विलंब: मंदगती अन्वेषणखेळांची मीमांसा

संगणकीय खेळांचा एक विशिष्ट प्रकार आणि त्यापासून मिळणाऱ्या आनंदाचे कारण हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. प्रथम लक्षण निश्चित केले पाहिजे. ज्या खेळात (१) खेळणारा एका कल्पित स्थळी पायी आणि स्वतःच्या गतीने वावरतो, (२) त्या स्थळाशी निगडित कथा जाणून घेणे हेच त्याचे प्रधान प्रयोजन असते, आणि (३) शत्रूचा नाश, गुणांची वाढ किंवा वेळेशी स्पर्धा यांपैकी काहीही त्या प्रयोजनावर मात करीत नाही, त्या खेळास येथे मंदगती अन्वेषणखेळ म्हटले आहे. तिन्ही अंगे एकत्र असतील तरच लक्षण पूर्ण होते. विस्तीर्ण प्रदेशात चालणारा युद्धखेळ तिसऱ्या अंगाच्या अभावी यातून वगळला जातो. संवाद वाचीत पुढे सरकणारा कथाखेळ पहिल्या अंगाच्या अभावी.

या प्रकाराचा पूर्वज म्हणून १९९३ च्या 'मिस्ट' या खेळाचा निर्देश करता येतो. स्वतंत्र प्रकार म्हणून तो दृढ झाला तो 'डिअर एस्थर'मुळे. डॅन पिंचबेक यांनी २००८ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठातील संशोधनाच्या निमित्ताने हा खेळ रचला. २०१२ मध्ये तो स्वतंत्र रूपात प्रसिद्ध झाला. त्याची मूळ आवृत्ती 'हाफ-लाइफ २' या गोळीबाराच्या खेळाच्या सामग्रीतून घडवलेली होती. बंदूक काढून घेतली, शत्रू काढून टाकले. उरले एक निर्जन बेट, एक निवेदक आणि चालणे. युद्धखेळातून युद्ध वजा केल्यावर जे उरते त्यात आनंद देण्याचे सामर्थ्य आहे काय, असा हा प्रयोग होता. सामर्थ्य आहे हे सिद्ध झाले. ते कशात आहे हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. पुढील विवेचन त्या प्रश्नाचे आहे.

कथा जाणणे हे प्रयोजन असेल तर जाणण्याची साधने कोणती, हे आधी पाहावे लागते. न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली. उपमानाचे कार्य प्रस्तुत प्रकारात अल्प असल्याने ते बाजूस ठेवू. उरलेल्या तिहींचा वाटा ज्या मानाने बदलतो त्या मानाने खेळाचे स्वरूप बदलते. 'डिअर एस्थर' शब्दप्रधान आहे: बेटावर विशिष्ट ठिकाणी पोचताच निवेदकाचा एखादा परिच्छेद ऐकू येतो, आणि अनेक परिच्छेद पर्यायांतून यदृच्छेने निवडले जात असल्याने दुसऱ्या खेपेस त्याच ठिकाणी वेगळा शब्द मिळतो. २०१६ चा 'फायरवॉच' हाही शब्दप्रधान आहे, पण त्यातील शब्द वेगळ्या जातीचा आहे. १९८९ साली वायोमिंगच्या अरण्यात वणव्यावर लक्ष ठेवणारा हेन्री हा दूरच्या मनोऱ्यावरील डिलायला हिच्याशी केवळ वॉकीटॉकीवर बोलतो. शब्दप्रमाणाची अट अशी की वक्ता आप्त, म्हणजे विश्वासार्ह, असला पाहिजे. डिलायला आप्त आहे काय, हा संशय खेळणाऱ्याच्या मनात क्रमाने बळावतो, आणि कथेचा भार त्या संशयावर उभा आहे.

अनुमानप्रधान खेळाचे उदाहरण २०१३ चा 'गॉन होम' हे होय. परदेशातून परतलेली मुलगी जून १९९५ मधील एका रात्री घरी पोचते तेव्हा घरात कोणी नाही. खेळणारा खोलीमागून खोली तपासतो. एका ठिकाणी पुस्तकांची खोकी रचून ठेवलेली दिसतात. त्यांत एकाच कादंबरीच्या अनेक प्रती आहेत आणि कादंबरीकार म्हणून वडिलांचे नाव आहे. ज्याची पुस्तके खपतात त्याच्या घरी त्यांची खोकी साठत नाहीत. ही व्याप्ती, म्हणजे खूण आणि निष्कर्ष यांचा नित्य संबंध, खेळणाऱ्यास जगातून आधीच ठाऊक आहे. खेळाने पुरवला तो फक्त हेतू, म्हणजे अनुमानास आधार देणारी खूण: खोकी. निष्कर्ष खेळणाऱ्याने स्वतः काढायचा. वडिलांचे अपयश निवेदनातून कळते तर ती वार्ता ठरली असती. अनुमानातून कळल्यामुळे तो शोध ठरतो.

येथे एक वास्तव उदाहरण उपयोगी पडेल, आणि ते जालना जिल्ह्यातील आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या सैन्याची आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशी लढाई झाली. मराठी छावणी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, भोकरदनच्या बाजूपासून असईच्या दिशेने पसरलेली होती. वेलस्लीला केळणा ओलांडून मराठ्यांच्या बगलेवर जायचे होते. वाटाड्यांनी सांगितले की त्या बाजूस नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा, नाही. वेलस्लीला एका तीरावर पिंपळगाव आणि समोरच्या तीरावर वरूड अशी दोन गावे जवळजवळ दिसली. दोन गावे नदीच्या आरपार इतकी निकट वसली असतील तर त्यांच्यात जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असे अनुमान त्याने केले. उतार सापडला आणि फौज पार झाली. त्या दिवसाचा परिणाम मराठी सत्तेच्या दृष्टीने शोकावह होता, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही. पण प्रमाणांच्या दृष्टीने प्रसंग नमुनेदार आहे. वाटाड्यांचा शब्द आणि स्थळाची साक्ष यांत विरोध आला, आणि साक्ष खरी निघाली. दोन गावे हा हेतू. समोरासमोरच्या गावांमध्ये वहिवाट असते ही व्याप्ती. उतार हे साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट. शब्द ऐकून घेण्यास कान पुरतो. साक्ष वाचण्यास त्या स्थळी असावे लागते, आणि तेथे थांबावे लागते.

यावरून विलंबाचे कार्य स्पष्ट होते. हेतू दिसणे आणि निष्कर्ष निघणे यांच्या दरम्यान काळ जातो. तो काळ खेळाने दिला नाही तर अनुमान घडत नाही, केवळ दृश्य पुढे सरकते. म्हणून मंदगती हा या प्रकाराचा अलंकार नव्हे, अट आहे. विलंबाचे तीन प्रकार करता येतात. पहिला गतिविलंब: पात्र सावकाश चालते, धावण्याची सोय नसते किंवा मर्यादित असते. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्बळ प्रकार होय, कारण पाहण्यासारखे काही नसेल तर सावकाश चालणे नुसता कंटाळा निर्माण करते. दुसरा अंतरविलंब: दोन साक्षींमध्ये रिकामा प्रदेश असतो आणि पहिल्या साक्षीवरील विचार त्या प्रदेशात पूर्ण होतो. 'फायरवॉच'मध्ये हेन्रीच्या हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र असते, आणि नकाशावरील स्वतःची जागा दाखवणारी खूण बंद करण्याची मुभा आहे. ती बंद केल्यास खेळणाऱ्यास कडा, ओढा आणि पायवाट यांवरून आपण कोठे आहोत हे ठरवावे लागते. ज्यांना हा खेळ समजून घ्यायचा आहे त्यांनी खूण बंद करूनच तो खेळावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तिसरा क्रियाविलंब. हा सर्वांत सूक्ष्म असल्याने त्याचा विस्तार आवश्यक आहे. २०१७ च्या 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' या खेळास २०१८ मध्ये सर्वोत्कृष्ट खेळाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्यात एका कुटुंबातील मृत्यूंच्या कथा ज्याच्या-त्याच्या खोलीत उलगडतात. लुइस हा मासळीच्या कारखान्यात काम करणारा तरुण. त्याच्या प्रकरणात खेळणारा एका हाताने मासा उचलतो, यंत्राखाली नेतो, मुंडके कापले गेल्यावर पुढे टाकतो. ही क्रिया थांबवता येत नाही. दुसऱ्या हाताने तो लुइसच्या मनातील राज्यात एका राजपुरुषाला चालवतो. प्रारंभी ते राज्य पडद्याच्या कोपऱ्यात असते. ते वाढत जाते, मासळी मागे सरते, आणि पहिला हात आपले काम सवयीने करीतच राहतो. लुइसचे मन वास्तवापासून कसे सुटले हे निवेदन सांगतेच. परंतु खेळणाऱ्यास ते स्वतःच्या दोन हातांच्या फरकातून कळते. पुनरावृत्तीस वेळ दिला नसता तर पहिल्या हाताला सवय लागली नसती, आणि सवय लागली नसती तर हा अनुभव संभवला नसता.

आता प्रश्न असा की हा आनंद यंत्रासमवेत जन्मला काय. नाही, असे उत्तर द्यावे लागते, आणि त्याचा पुरावा मराठीतच आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी पायी फिरले. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी प्रत्यक्ष साक्षीदारांकडे जाऊन गोळा केल्या, आणि 'लीळाचरित्र' हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ सिद्ध झाला. त्याला पूरक असा 'स्थानपोथी' हा ग्रंथ महानुभाव परंपरेने निर्माण केला, डॉ. वि. भि. कोलते यांनी त्याचे संपादन केले आहे. 'स्थानपोथी'चा विषय कथा नसून कथेची जागा हा आहे. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, त्याच्या कोणत्या अंगास स्वामींचे आसन होते, कोठे वसती (रात्रीचा मुक्काम), कोठे अवस्थान (अधिक दिवसांचा मुक्काम), कोठे विहरण (फिरणे), याची ती नोंद आहे. उपासक त्या स्थानी जातो, तेथील ओट्यास नमस्कार करतो आणि त्या स्थानाची लीळा आठवतो. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातील जयदेववाडी येथे अजिंठ्याच्या डोंगररांगेत असलेला जाळीचा देव हे असे एक मोठे स्थान होय. तेथील दाट जाळीत स्वामींनी वाघाच्या पिलांना जवळ घेतले, असे परंपरा सांगते.

ही तुलना ताणू नये. भेद महत्त्वाचा आहे. उपासकास लीळा आधी ठाऊक असते, स्थान तिचे स्मरण करून देते. अन्वेषणखेळात स्थान आधी भेटते, कथा नंतर कळते. शिवाय उपासकाचे प्रयोजन श्रद्धेचे आहे, त्यास खेळ म्हणणे अनुचित होईल. तरीही दोहोंचा पाया एकच आहे: कथा कोणत्याही जागी सांगता आली असती, तरी ती तिच्या जागी जाऊनच घ्यावी, ही माणसाची गरज. या भेदावरून खेळांचेही दोन वर्ग पडतात. शोधप्रधान खेळात अज्ञात ज्ञात होते. 'गॉन होम' त्याचे उदाहरण. स्मरणप्रधान खेळात ज्ञात पुन्हा अनुभवास येते. या वर्गाचे जवळचे उदाहरण गोव्यातील फ्रॉस्टवूड इंटरअॅक्टिव्हने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला 'फॉरगॉटन फील्ड्स' हे होय: एक लेखक आपल्या बालपणीच्या घरी शेवटचा येतो, कारण घर विकले जाणार आहे. तेथे उकलण्याजोगे रहस्य नाही. परिचित खोल्यांमधून आणखी एकदा फिरणे एवढेच आहे, आणि तेवढे पुरते.

पूर्वपक्ष असा की ज्यात हार नाही त्यास खेळ म्हणू नये. संज्ञेचा हा वाद येथे सोडून देता येतो. कारण आनंद सिद्ध आहे आणि विवेचन त्याचे आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शेवट ठरलेलाच असेल तर कादंबरी किंवा चित्रपट काय वाईट? उत्तर असे. चित्रपटात कोठे पाहायचे हे दिग्दर्शक ठरवतो, कादंबरीत कशानंतर काय कळायचे हे लेखक ठरवतो. येथे लक्षाचा क्रम खेळणाऱ्याच्या हाती असतो. वाट ठाऊक असलेला माणूस 'गॉन होम' काही मिनिटांत संपवू शकतो. तो शेवटास पोचतो, पण त्याला त्या घराविषयी जवळजवळ काहीच कळलेले नसते. शेवट ठरलेला आहे, ज्ञान ठरलेले नाही.

या प्रकाराचा मुख्य दोष शब्दबाहुल्य हा होय. जेथे प्रत्येक टेबलावर एक चिठ्ठी आणि प्रत्येक कपाटात एक ध्वनिफीत सापडते, तेथे स्थळ हे साक्ष न राहता कागद ठेवण्याची फळी बनते. अशा खेळात चालणे निरर्थक ठरते आणि मंदगतीवरील आक्षेप न्याय्य होतो.

उपर्युक्त तत्त्वांची परीक्षा एखाद्या वास्तव स्थळावर घ्यायची झाल्यास भोकरदन योग्य ठरेल. प्राचीन भोगवर्धन ते हेच. सांची आणि भरहुत येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ च्या उत्खननात येथे हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. तिचे साम्य १९३८ मध्ये पॉम्पेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी आहे, आणि पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती प्रतिमा त्याआधीच तेथे पोचली होती. केळणाकाठी सातवाहनकालीन व्यापार, तालुक्याच्या डोंगराळ भागात चक्रधरांचे भ्रमण, आणि नदीच्या पुढच्या वळणावर १८०३ ची रणभूमी, असे तीन थर येथे उपलब्ध आहेत. येथे अन्वेषणखेळ रचणाऱ्यास काही गोष्टी पाळाव्या लागतील. उतार कोठे आहे हे पडद्यावर बाणाने दाखवता येणार नाही. दोन गावे दाखवून थांबावे लागेल. हस्तिदंती प्रतिमेखाली पाटी लावता येणार नाही. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात अशा कारागिरीस गिऱ्हाईक कोण होते, हा प्रश्न मातीतील इतर वस्तूंनीच उभा करावा लागेल. आणि १८०३ च्या थरात मराठी छावणीची पत्रे ठेवायची तर ती मोडी लिपीत असली पाहिजेत. त्यांचे बाळबोध रूपांतर कळ दाबताच समोर आणले तर शब्दबाहुल्याचाच दोष येईल. खेळणाऱ्यास मोडीची अक्षरे एकेक करून ओळखू दिली तर पत्रवाचन हाच क्रियाविलंब होईल, आणि शिंद्यांच्या छावणीत त्या सकाळी काय ठाऊक होते व काय नव्हते हे त्याला त्या छावणीतील कारकुनाच्या गतीने कळेल.