अग्निशमन जलवाहिनी, खासगी भूमिगत

हॉटेल, रुग्णालय, कारखाना यांच्या आवारात टाकीतील पाणी पंपाद्वारे हायड्रंटपर्यंत नेणारी, जमिनीखालून टाकलेली नळवाहिनी. भारतात तिच्या उभारणीसाठी आयएस 13039 हे मानक वापरतात. वाहिनी किमान 1 मीटर खोल पुरतात. शक्यतो तिचे बंद वलय करतात. त्यामुळे एक भाग झडपांनी तोडला तरी उरलेल्यात पाणी खेळते राहते.

मालवण किनाऱ्यावर अशी वाहिनी टाकताना खरी कसोटी जमिनीची. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, खडक फोडून चर खणावा लागतो. टोकदार दगडांनी नळाचे वेष्टन फाटते, म्हणून तळाशी व भोवती बारीक वाळू घालतात. ती किनाऱ्यावरची खारी नसावी. पुळणीलगत (वाळूच्या किनाऱ्यालगत) उथळ भूजल आणि क्षार पोलाद झपाट्याने गंजवतात. तेथे वेष्टनात कसूर म्हणजे आगीच्या वेळी कोरडा हायड्रंट. वळणांवर व फाट्यांवर पाण्याच्या रेट्याने सांधे निखळू नयेत म्हणून काँक्रीटचे ठोकळे बसवतात.

चर बुजवण्यापूर्वी वाहिनी आतून धुऊन, कमाल कार्यदाबाच्या दीडपट दाबाने 2 तास तपासावी. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा अधिनियमानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते.