वत्सगुल्माचें ऋतुचक्र

कालगणनेचा इतिहास बहुधा राजांच्या शकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो; परंतु राजाच्या दानपत्रांतही कधीं कधीं शेतकऱ्याचें वर्ष दिसतें. वाशीम येथें सांपडलेला व १९३९ सालीं प्रसिद्धीस आलेला वाकाटक नृपति दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. चवथ्या शतकाच्या उत्तरार्धांतील हें दानपत्र वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, दिलेलें आहे. त्यांत राज्यवर्ष ३७ आहे. परंतु चैत्रवैशाखादि मास नाहींत. त्यांच्या जागीं हेमंत ऋतूचा पंधरवडा व त्यांतील दिवस आहे. ग्रीष्म, वर्षा व हेमंत असे तीन ऋतु आणि प्रत्येकाचे आठ पंधरवडे, ही सातवाहनांच्या लेखांतही आढळणारी जुनी रीत होय. आजही वाशीमचा शेतकरी षड्ऋतूंचीं नांवें घेत नाहीं. उन्हाळा, पावसाळा व हिवाळा हे तीनच त्याचे ऋतु.

या भागांतील सणही याच हिशेबानें चालतात. श्रावणांत बंजारा तांड्यांतील कुमारिका तीजेसाठीं टोपल्यांत गहूं पेरतात व अंकुर वाढल्यावर त्यांचें विसर्जन करतात. श्रावणी अमावास्येस पोळा येतो. आदल्या दिवशीं बैलांचे खांदे तूपहळदीनें मळून त्यांस दुसऱ्या दिवसाचें आवतण देतात. डवरणीचीं कष्टाचीं कामें तोंवर बहुतेक आटोपलेलीं असतात. म्हणूनच त्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत.

चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान. अधिक मास नसता, तर सोळासतरा वर्षांत पोळा फेब्रुवारींत येऊन पडला असता. सणाची तिथि चंद्राची, पण तिला ऋतूशीं बांधून ठेवण्याची काळजी आमच्या पूर्वजांनीं घेतली.

सण भूमीचा असतो, हें परक्या उदाहरणावरूनही पटतें. जेरल्ड गार्डनर यांच्या १९५४ सालच्या ग्रंथानें प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडांतील विक्का पंथानें अयनें, संपात व त्यांमधील दिवस मिळून आठ सणांचें वर्षचक्र मांडलें. परंतु ऑस्ट्रेलियांत ऋतु उलटे. म्हणून तेथील पुष्कळ अनुयायी तेंच चक्र सहा महिन्यांनीं फिरवून पाळतात. तारीख सोडली, ऋतु धरला. त्यांना हें चक्र नव्यानें जुळवावें लागलें. आम्हांस तें वारशानें मिळालें आहे.

पण वारसाही आंतून रिता होतो. नांगरास ट्रॅक्टर आला, गोठे ओस पडले, आणि पुष्कळ घरीं आतां मातीच्याच बैलाची पूजा होते. यांत कोणास दोष देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. कष्ट हलके झाले हें इष्टच आहे. मात्र पोळा हा उपकार स्मरण्याचा दिवस आहे. पाटावर मातीचा बैल मांडतांना घरांतील मुलांस डवरणी म्हणजे काय, आणि जूं कोणाच्या खांद्यावर असे, एवढें तरी सांगितलें जावें. अधिक मास घालून पंचांग सणाची वेळ राखूं शकतें. त्याचा अर्थ राखणें हें घरच्या वडील माणसांचेंच काम आहे.