मेल्बर्नचे पश्चिम गवताळ राखीव क्षेत्र : घरबांधणीची भरपाई आणि तिची देखरेख

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, मेल्बर्न शहराच्या पश्चिमेला आखलेले मूळ माळरानाचे संरक्षित क्षेत्र. नियोजित विस्तार १५,००० हेक्टर. शहरवाढीसाठी जे माळ खणले जाणार होते त्यांची भरपाई म्हणून २००९ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला गेला. एका जागेचा अधिवास घरांसाठी मोडायचा आणि त्या बदल्यात दुसऱ्या जागेचा अधिवास राखायचा व सुधारायचा, अशी ही पद्धत आहे. माळ मोडला हे रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसते. बदल्यात काय हाती आले हे मात्र वर्षानुवर्षे गवतात उतरून मोजल्यावरच कळते. म्हणून या नोंदीत राखीव क्षेत्राच्या वर्णनापेक्षा त्याच्या मोजणीला अधिक जागा दिली आहे.

भूमी आणि गवत : मेल्बर्नच्या पश्चिम उपनगरांपासून राज्याच्या नैर्ऋत्य भागापर्यंत सुमारे २३ लाख हेक्टरांचे लाव्हाचे मैदान पसरले आहे. दख्खनप्रमाणे येथेही पायाखाली बेसाल्ट आहे. फरक वयाचा : दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर येथील बहुतेक लाव्हा गेल्या सुमारे ४५ लाख वर्षांतला. भारी चिकणमाती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पायाला चिकटते. पाऊस बेताचा आणि माती जड, त्यामुळे झाडे विरळ आणि गवताचे राज्य. या माळाचे मुख्य गवत थिमेडा ट्रायान्ड्रा. ऑस्ट्रेलियात त्याला कांगारू ग्रास म्हणतात. हीच जात आफ्रिकेत, भारतात आणि महाराष्ट्राच्या डोंगरांतही वाढते. तिच्या ठोंबांमधल्या मोकळ्या जागांत वसंतात लिली, डेझी आणि भूऑर्किडांच्या जाती फुलतात. माळाची खरी श्रीमंती या मोकळ्या जागांत आहे. देखरेखीचे बरेचसे शास्त्रही त्यांच्याभोवतीच फिरते.

वाडावुरंग, वुरुंजेरी आणि बुनुरंग या आदिवासी समाजांनी हे माळ हजारो वर्षे सांभाळले. ठरावीक काळाने गवत जाळायचे आणि मुरनाँग नावाच्या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचे कंद खणून खायचे, ही त्यांची रीत होती. १८३५ नंतर मेंढ्या आल्या. पुढे नांगर आला, सुपरफॉस्फेट आले, शेतातले दगड वेचून काढणारी यंत्रे आली. आज या मैदानावरच्या मूळ गवताळ प्रदेशाचा ५ टक्क्यांहूनही कमी भाग उरला आहे. २००८ मध्ये केंद्र सरकारने या परिसंस्थेची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली.

करार : ऑस्ट्रेलियाच्या १९९९ च्या पर्यावरण संरक्षण व जैवविविधता कायद्यात एकेका प्रकल्पाऐवजी संपूर्ण प्रदेशाच्या विकासाचा एकत्र विचार करण्याची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन व्हिक्टोरिया सरकारने २००९ मध्ये मेल्बर्नच्या वाढीचा आराखडा मांडला आणि २०१० मध्ये शहराची वाढसीमा बाहेर सरकली. पश्चिमेकडे टार्नीट, ट्रुगनिना, रॉकबँक, मेल्टन या पट्ट्यात घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. भारतातून गेलेली हजारो कुटुंबे आज या उपनगरांत राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

बदल्यात सरकारने १५,००० हेक्टरांचे हे राखीव क्षेत्र, निलगिरीच्या विरळ झाडांच्या गवताळ वनासाठी आणखी एक राखीव क्षेत्र आणि वाढसीमेच्या आतले ३६ संरक्षित तुकडे देण्याचे कबूल केले. जमिनी खरेदी करून दोन्ही राखीव क्षेत्रे २०२० पर्यंत पूर्ण करायची होती. २०१३ मध्ये जैवविविधता संवर्धनाचे सविस्तर धोरण आले. पैसा विकसकांकडून येणार होता : ज्याच्या जमिनीवर मूळ वनस्पती किंवा दुर्मीळ जातींचा अधिवास आहे त्याने हेक्टरामागे शुल्क भरायचे आणि त्या शुल्कातून सरकारने माळ विकत घ्यायचे.

या रचनेतला दोष तिच्या क्रमातच आहे. शुल्क बांधकाम सुरू होताना जमा होते, म्हणजे माळ आधी मोडतो आणि भरपाईची खरेदी मागून होते. त्यात भर पडली ती नोंदींच्या पद्धतीची. वाढसीमेच्या आतल्या वनस्पतींचे नकाशे एकदाच करून त्या तारखेला गोठवण्यात आले, म्हणजे शुल्क चुकवण्यासाठी कोणी गवत आधीच नांगरून टाकले तरी त्याची सुटका होऊ नये. ही तरतूद शहाणपणाची होती. पण त्यामुळे जमाखर्चाची एक बाजू कागदावर स्थिर झाली आणि दुसरी बाजू, म्हणजे अजून विकत न घेतलेले माळ, वाऱ्यावर राहिली. तेथे तण पसरत होते, मालकाला सुधारणेत रस उरला नव्हता आणि जमिनीची किंमत चढत होती. जून २०२० मध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आला तेव्हा १५,००० हेक्टरांपैकी जेमतेम दहावा हिस्सा सरकारच्या ताब्यात होता आणि गवताळ वनाच्या राखीव क्षेत्रासाठी काहीच जमीन घेतलेली नव्हती. त्याच वर्षी नवा कायदा करून शुल्काच्या जागी पर्यावरण उपकर आणला गेला आणि कामाच्या प्रगतीवर दर दोन वर्षांनी अहवाल देण्याची जबाबदारी राज्याच्या पर्यावरण शाश्वतता आयुक्तांवर टाकली गेली.

काय मोजायचे : खरेदी केलेले हेक्टर मोजणे सोपे, म्हणून बातम्यांत तोच आकडा येतो. पण जमिनीच्या कागदावर सरकारचे नाव चढले म्हणून तिच्यावर गवत सुधारत नाही. या कार्यक्रमात त्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या धरतात : केलेली कामे, म्हणजे खरेदी, कुंपण, तणनियंत्रण, आणि झालेला परिणाम, म्हणजे माळाची जातिरचना, ठेवण आणि दुर्मीळ जातींची स्थिती. दुसऱ्या गोष्टीला वेळ लागतो, आणि खरा हिशेब तिचाच आहे.

व्हिक्टोरियात अधिवासाची प्रत ‘हॅबिटॅट हेक्टर’ या एककात सांगण्याची पद्धत २००३ पासून रूढ झाली. जागेच्या स्थितीला ७५ आणि सभोवतालच्या भूदृश्याला २५ अशा एकूण १०० गुणांपैकी गुण देऊन त्यांच्या शंभराव्या भागाला क्षेत्रफळाने गुणतात. १० हेक्टरांच्या माळाला ४० गुण मिळाले तर तो ४ हॅबिटॅट हेक्टरांचा. देवघेवीसाठी हे एकक सोयीचे आहे, पण त्याच्या मर्यादा मोठ्या आहेत. दोन निरीक्षक एकाच माळाला वेगळे गुण देऊ शकतात. तणांनी भरलेला, कमी गुणांचा माळ एखाद्या दुर्मीळ पतंगाचा आसरा असू शकतो, आणि तो पतंग या बेरजेत कोठेच येत नाही. म्हणून गुणांच्या जोडीने प्रत्यक्ष जातींची मोजणी अटळ ठरते.

आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच विचारावा लागतो : तुलना कशाशी करायची? माळ दहा वर्षांत थोडा बिघडला, पण शेजारचा न सांभाळलेला माळ पूर्ण गेला, तर ते यश मानायचे की अपयश? भरपाईच्या हिशेबात ‘टळलेले नुकसान’ हेही जमेस धरण्याची प्रथा आहे. असा दावा तपासायचा तर काम सुरू होण्याआधीची नोंद हवी आणि हस्तक्षेप न केलेले तुलनेचे माळही हवेत. पहिली नोंद हुकली की ती नंतर कोणत्याही पैशाने विकत मिळत नाही. राखीव क्षेत्राची बरीच जमीन खाजगी मालकीत असताना तिच्या आत शिरून मोजणी करणे अवघड होते. खरेदीतला उशीर म्हणजे नोंदीतलाही उशीर, हा त्याचा अर्थ.

माळावरच्या रीती : गवताची ठेवण तपासण्याची एक पद्धत फार साधी आणि तितकीच हुशारीची आहे. १ मीटर लांब, १ मीटर रुंद चौकट जमिनीवर ठेवायची, वरून गोल्फचे १८ चेंडू आत सोडायचे आणि किती चेंडू पूर्ण दिसतात, किती अर्धे, किती गवतात गडप झाले ते मोजायचे. चेंडू दिसेनासे झाले की गवत दाटले, फुलांच्या मोकळ्या जागा बुजल्या आणि जाळायची वेळ झाली. कांगारू ग्रास दहा-अकरा वर्षे न जाळता ठेवले तर आपल्याच वाळक्या पात्यांखाली गुदमरून त्याचे ठोंब मरतात, हे मेल्बर्नच्या पश्चिमेकडील माळांवर अभ्यासकांनी नोंदवले आहे. रिकाम्या झालेल्या जागेत तण शिरते. कुंपण घालून ‘जपलेला’ माळ असा जपल्यामुळेच मरतो. पुन्हा घरे जवळ आली की धुराच्या आणि आगीच्या भीतीने जाळणे अवघड होत जाते.

तणांची ओळख हे कसबाचे काम आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेले सेरेटेड टसॉक लांबून मूळ गवतासारखेच दिसते. जाणकार त्याचे पाते अंगठा आणि बोट यांत फिरवून पाहतात. ते सुईसारखे गोल फिरते. त्याचे वाळलेले तुरे वाऱ्याबरोबर दूरवर उडून जातात, म्हणून शेजारच्या न घेतलेल्या जमिनीची अवस्था राखीव जमिनीच्या नोंदीतही उतरते.

गोल्डन सन मॉथ हा दिवसा उडणारा पतंग. प्रौढ पतंगाला खाण्याचे तोंडच नसते, तो काही दिवसच जगतो. ऑक्टोबरअखेर ते जानेवारी या काळात, ऊन लख्ख, वारा शांत आणि तापमान २० अंशांच्या वर असेल तेव्हा नर गवतावरून एखाद्या मीटर उंचीवर फिरतात. माद्या जमिनीवर बसून सोनेरी मागचे पंख उघडून दाखवतात. ढग आले की मोजणी फुकट. अळ्या मुळांवर जगत दीर्घकाळ जमिनीखाली असतात, तेव्हा एका हंगामात पतंग दिसला नाही एवढ्यावरून तो नाही असे लिहिता येत नाही. अनेक फेऱ्या कराव्या लागतात. याच पतंगाने देखरेखीपुढे अवघड पेच टाकला. त्याच्या अळ्या मूळ वॉलबी ग्रासप्रमाणेच चिली नीडल ग्रास या परक्या, उपद्रवी तणाच्या मुळांवरही जगतात. ते तण उपटले की माळाचे गुण वाढतात आणि पतंगाचा घास जातो. अशा वेळी थोडे थोडे तण काढत, दरवर्षी पतंग मोजत पुढे जाण्याखेरीज इलाज नाही.

पट्टेदार बिनपायी सरडा सापासारखा दिसतो आणि त्याच समजुतीने मारला जातो. त्याच्यासाठी माळावर ओळीने छपराची कौले मांडून ठेवतात. सकाळच्या उन्हात कौल तापले की सरडा त्याखाली ऊब घ्यायला येतो, आणि वसंतात निरीक्षक एकेक कौल अलगद उचलून पाहतात. स्पायनी राइस-फ्लॉवर हे बुटके काटेरी झुडूप हिवाळ्यात फुलते, त्यामुळे त्याची शोधमोहीम त्या थंडीतच करावी लागते. त्याचे मूळ खोल जाते. घरांच्या जागेवरून उचलून दुसरीकडे लावलेली झुडपे टिकवणे म्हणूनच कठीण. ग्राउलिंग ग्रास फ्रॉग या बेडकासाठी ओढ्यांच्या काठांनी रात्री कान देऊन बसतात. तेथे एका डबक्यातल्या संख्येला फारसा अर्थ नसतो. बेडूक काही डबक्यांतून नाहीसे होतात आणि काहींत नव्याने येतात, म्हणून डबक्यांची संपूर्ण साखळी वर्षानुवर्षे तपासावी लागते.

पुनर्स्थापना : नांगरलेल्या, खत मुरलेल्या जमिनीवर मूळ गवत परत आणणे सर्वांत कठीण. जास्तीचा फॉस्फरस मूळ वनस्पतींऐवजी तणांना पोसतो. ग्रीनिंग ऑस्ट्रेलिया ही संस्था आणि मेल्बर्न विद्यापीठ यांनी २००४ पासून चालवलेल्या प्रयोगांत वरची माती, खत आणि तणांच्या बियांसकट, खरवडून काढली आणि उघड्या पडलेल्या निकस थरावर मूळ जातींचे बी पेरले. कसदार मातीसाठी जन्म घालवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे उलटे वाटेल, पण या माळाची भरभराट निकस मातीतच होते. खर्च मोठा आणि बी दुर्मीळ, त्यामुळे ही रीत हजारो हेक्टरांवर नेता आलेली नाही. या मर्यादेमुळेच उरलेला अस्सल माळ मोडून त्याबदली नवा उगवू, हे आश्वासन प्रस्तुत लेखकाला मान्य होत नाही. भरपाईचा भक्कम भाग आधीच उभा असलेला माळ वेळेत विकत घेणे आणि त्याला नीट जाळत, निंदत राहणे हाच आहे.

बिनकानी सरडा : व्हिक्टोरियन ग्रासलँड अर्थलेस ड्रॅगन या नावाने ओळखला जाणारा, कोळ्यांच्या बिळांत राहणारा छोटा सरडा १९६९ नंतर कोणाला खात्रीने दिसला नव्हता आणि तो नामशेष झाला असावा असे अनेक अभ्यासकांना वाटू लागले होते. २०२३ मध्ये, घरांच्या नव्या वस्त्या जेथवर येऊन पोहोचल्या आहेत त्या पश्चिमेकडच्या माळावर, तो पुन्हा सापडला. प्राणिसंग्रहालयात त्याची पैदास सुरू झाली आणि वासावरून त्याचा माग काढण्यासाठी कुत्र्यांना शिकवण्यात आले. त्याच्या माळाचा नेमका पत्ता जाहीर केलेला नाही.