मलेरियाचे रुग्ण घटले, म्हणजे नेमकं काय झालं?

राष्ट्रीय आरोग्य योजना नीट राबवली जातेय का, हे कसं ओळखायचं? रुग्ण घटले की योजना यशस्वी, असं आपल्याला वाटतं. पण आपल्याकडचा मलेरियाचा इतिहास बघा.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असल्याचा अंदाज होता. 1953 मध्ये नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी डीडीटी फवारलं गेलं. 1958 मध्ये ध्येय थेट निर्मूलनाचं ठरलं. 1965 मध्ये जेमतेम एक लाख रुग्ण नोंदले गेले. आणि 1976 मध्ये? तब्बल 64 लाख!

डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते, हे खरंच. पण फवारणी थांबवलेल्या भागांत पाळत ठेवायला पुरेशी आरोग्य केंद्रंच नव्हती.

म्हणून मलेरियात रुग्णसंख्येसोबत आणखी एक आकडा बघतात: वर्षभरात लोकसंख्येच्या किती टक्के रक्तनमुने तपासले? किमान 10 टक्के अपेक्षित असतात. नमुनेच घेतले नाहीत, तर रुग्ण सापडणार कुठून?

तेव्हा 'रुग्ण घटले' अशी बातमी वाचलीत, की आधी विचारा: तपासले किती?